तेलाचे चार गज

१३ ऑक्टोबर १९७५, खंडे नवमी. भालकी तालुक्यातल्या एका बाजारगावी शेडचं काम चालू होतं. तिथे पूजेसाठी एक रुपया नव्वद पैशांचं करडीचं तेल आलं. गवंड्यांचा मुकादम काशप्पा, त्याच तालुक्यातल्या मेहकरचा, चाळिशीचा. त्यानं थाप्या, फावडी, घमेली पुजली. हात तेलाचेच होते आणि समोर कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या पायातून चार गज वर आलेले. लोखंडच ते, त्यांनाही मान हवा, म्हणून त्यानं चारही गजांवरून तेलाचा हात फिरवला.

खांब जमिनीवर आडवे ओतून तयार होते. त्यांच्या बुडाशी भोकं ठेवलेली. खांब उचलून गजांवर बसवायचा आणि भोकांत ग्राउट भरायचा, म्हणजे सिमेंट आणि बारीक वाळूचा पातळ घोळ. तो वाळून गजाला धरतो, म्हणून खांब पायाला धरून राहतो. दसरा झाला आणि खांब बसवायची घाई सुटली. काशप्पानं गजांवरून पोत्याचं फडकं तेवढं फिरवलं.

छत चढल्यावर महिन्याभरानं तिथले तरुण इंजिनिअर सोमशेखर यांनी माणसांना शिकवण म्हणून दोन ठोकळे ओतले. एकात कोरा गज, दुसऱ्यात तेल लावलेला. जॅक लावून ओढलं तेव्हा कोऱ्या गजापायी ठोकळाच फुटला. तेलाचा गज मात्र ओल्या मातीतून खुंटी उपटावी तसा मुकाट बाहेर आला. भोक आतून गुळगुळीत होतं.

"मुकादम, आपल्या गजांना असलं काही लागलं नव्हतं ना?" सोमशेखरांनी विचारलं.

"न्हाई, साहेब."

बोलून गेला खरा. पण खरं सांगितलं असतं तर छत उतरवावं लागलं असतं. शिवाय पूजेनं काम नासलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

शेडमध्ये गुरुवारचा बाजार भरू लागला. काशप्पा कोपऱ्यातल्या खांबाला कान लावून बसायचा. वारा सुटला की आत गज सरकल्यासारखं वाटायचं. पुढे घरी जेवतानाही तो आवाज येऊ लागला. बायको चंद्रम्मानं विचारलं, तर म्हणायचा, कान वाजायलाय.

मिरच्या विकणारी पार्वतम्मा नेमकी त्याच खांबाला टेकून बसे. त्यानं तिला उठायला सांगितलं.

"कामून? खांब तुझ्या बापाचा हाय व्हय, अण्णा?"

"दर बाजाराला पन्नास पैसे देतो. जागा रिकामी ठिव."

"येडा झालास. आण."

ती दोन खांब पलीकडे सरकली, आणि तिथे दुसरं कुणी बसणार नाही हेही बघू लागली. लोक काहीबाही बोलू लागले. कुणी म्हणे तिथे बाहेरचं आहे, कुणी म्हणे पायात माणूस पुरलाय. काशप्पा ऐकून घेई. भीतीनं का होईना, जागा रिकामी राहत होती. मग एका अमावास्येला खांबाच्या बुडाशी कुणीतरी नारळ ठेवून तेल वाहिलेलं त्यानं पाहिलं. पोत्याचं फडकं आणून तो ते पुसत बसला.

१९८८ च्या डिसेंबरात तो तापानं गेला. जाण्याआधी सगळं चंद्रम्माला सांगितलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. खोटं बोलून मेला, असं त्याच्यामागे कुणी म्हणू नये, एवढंच तिला वाटत होतं. आता दर गुरुवारी ती जाते आणि खांबाला कान लावून बसते.

खांब उभा आहे. पार्वतम्माला काशप्पाकडून शेवटच्या दोन बाजारांचा एक रुपया येणे आहे.