हिराबायचे हात

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, गावदेवीपुढेही तोंडातून निघालं नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. आता आत मावत नाही, एवढंच.

आमचा मुर्धा गावात वृद्धाश्रम आहे. आमचं मिठागर बंद पडलं, तेव्हा राहतं घर वाढवून सुरू केला. बरा चालायचा. मग वरसाव्याला एका निवृत्त नर्सबाईंनी दुसरा काढला. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. माझ्याकडची माणसं एकेक करून तिकडे जायला लागली. खोल्या रिकाम्या — आणि मी नुसती बघत बसायचे.

मग मी बोलायला लागले. मीरा रोडहून कुणी चौकशीला आलं की चहा द्यायचा, आवाज खाली घ्यायचा. "मैं किसी का बुरा नहीं बोलती, पर वहाँ बूढ़ों को बाँध के रखते हैं." बस. पुढचं काम सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपने केलं.

हे मला सुचलं कुठून? — कारण बांधत मी होते. उठून भटकणाऱ्यांना, पलंगाला. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या करून — मऊ सुती, वळ उठत नाही. रविवारी नातेवाईक यायच्या आत सोडायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

सिस्टर कुणालाच बांधत नव्हत्या. भटकणाऱ्याजवळ त्या एखादी बाई बसवायच्या. त्यांचा आश्रम बंद पडला. तिथली हिराबाय, भाईंदरची कोळीण, तिला त्या स्वतः माझ्याकडे सोडायला आल्या. म्हणाल्या, "ताई, ही होडी शोधायला उठते. कुणीतरी जवळ बसून बोललं की थांबते. तुम्ही सांभाळाल, म्हणून आणलं."

माझ्यावर विश्वास — कळतंय का तुम्हाला?

बसायला माझ्याकडे माणूस नव्हतं. ठेवलंच नव्हतं. संध्याकाळी मी पट्टी घेऊन गेले. ती म्हणाली, "बाय, मी न्हाय कुठं जात. हात नको बांधू." मी गाठ मारली. ती रडली, सिस्टरला हाका मारत राहिली. मी दार लोटून घेतलं.

सिस्टरचा अजून फोन येतो. हिराबाय शांत असते ना, विचारतात. मी हो म्हणते, आणि ते खरं आहे. आता मी पट्टी घेऊन गेले, की ती आपणहून दोन्ही हात पुढे करते.