म्हाताऱ्या राजाचं नाक

टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा तो कारागीर एक नंबरचा भित्रा होता, हे त्याची बायकोच चारचौघांत सांगायची. "उंदीर दिसला की हे पलंगावर!" तोही हसायचा. पण छिन्नी हातात आली की हाच माणूस राजाच्या गालावरची सुरकुतीसुद्धा पोलादात उतरवायचा.

म्हातारा राजा वारला आणि गादीवरून मुलगा आणि पुतण्या यांच्यात जुंपली. पोरगा मुळात राजाचा नाहीच, असं पुतण्याची माणसं सांगत सुटली. बापाचं नाक पोपटाच्या चोचीसारखं आणि याचं चांगलं बसकं! सरदार कुंपणावर बसून होते. अशात राजपुत्राच्या सेनापतीने कारागिराला बजावलं, "उद्या सकाळी आमच्या राजाचं नाणं हवं. नाहीतर तुझा उजवा हात तोडतो."

ठसा कोरायचा कशात? पोलाद सगळं पुतण्याने पळवलेलं. उरला होता फक्त म्हाताऱ्या राजाचा जुना ठसा. ठशात जेवढं खोदावं तेवढं नाण्यावर उठून येतं, म्हणजे नवी दाढी चढवता येते, पण आहे ते नाक कमी करता येत नाही. राजपुत्राला दाढी होती, हीच काय ती देवाची कृपा. कारागिराने सुरकुत्यांवर घनदाट दाढी चढवली आणि बाकीचं नशिबावर सोडलं.

सकाळी राजपुत्र आला, सरदार आले, राजमाताही आली. तिने नाणं उचलून बराच वेळ पाहिलं. मग ती कारागिराजवळ येऊन हळूच म्हणाली, "या चेहऱ्याबरोबर मी संसार केलाय. दाढी तेवढी नवी दिसते."

"माफ करा बाईसाहेब. नाक काही बुजवता येईना."

ती गर्रकन वळली आणि कडाडली, "बघा! कुणाचं आहे हे नाक? अजून शंका आहे कुणाला?"

सरदारांनी नाण्याकडे पाहिलं, राजपुत्राकडे पाहिलं आणि पुन्हा नाण्याकडेच पाहिलं. नाण्यावरचं नाक जास्त सोयीचं होतं. एकाने मुजरा केला, मग सगळेच वाकले.

"नव्या ठशाची घाई करू नका," जाताना राजमाता कारागिराला म्हणाली.

घरी येऊन तो जेवायला बसला, तर हात असा थरथरत होता की घास तोंडापर्यंत जाईना. आनंदाने त्याला रडू फुटलं. बायकोने सगळी हकीकत ऐकली, पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"हात राहिला म्हणता ना? मग जेवा की त्या हाताने!"