थेंब मोजणारे अण्णा

"अण्णा गेले, बाई," असं शिपायानं वर्गाच्या दारातून सांगितलं, तेव्हा मी फळ्यावर आकृती काढत होते. ती तशीच अर्धवट सोडली. महिना उलटला, अजून मन ठिकाणावर नाही... दिगंबरअण्णा आमच्या कॉलेजच्या माती तपासणी प्रयोगशाळेत सहायक होते, चोवीस वर्षं. मी पदार्थविज्ञान शिकवणारी, वयानं त्यांच्या मुलीएवढी. माझ्या खोलीत नवं काही आलं, की ह्यांचं डोकं दारातून आत! मैत्री जमली ती त्यातूनच.

एके दिवशी आले आणि उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला. बोटं कापत होती. मातीच्या नमुन्यात रसायन थेंबाथेंबानं सोडायचं आणि द्रव गुलाबी होताच तोटी बंद करायची, हे त्यांचं काम. एक थेंब जास्त पडला की तपासणी वाया. "साहेबाला कळलं तर भांडारात टाकतेत मला. मातीबिगर मी काय करू?" आणि लगेच, हात जणू दुसऱ्याचा असावा तसं, "तुमच्या त्या डब्याला थेंब मोजायला शिकवता येईल का हो?"

डबा म्हणजे मायक्रोप्रोसेसरचा किट. भंगारातल्या प्रिंटरची मोटार काढली, तिला आट्यांची सळई जोडली. सळई काचेच्या सिरिंजचा दट्ट्या ढकलणार. नमुन्याच्या एका बाजूला बल्ब, दुसऱ्या बाजूला उजेड जोखणारा सेन्सर. द्रव गुलाबी झाला, उजेड घटला, की मोटार थांबणार. प्रोग्रॅम आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या संकेतांत भरायचा, आणि वीज गेली की किट सगळं विसरून मोकळा. विद्यापीठाच्या नामांतरावरून होणाऱ्या बंदमुळे कॉलेज ओस पडायचं, त्या दिवसांत अण्णा त्यांच्या गावाहून, पिंगळीहून, सायकल मारत यायचे. कागद धरून "थ्री ई... झिरो वन..." असं आरतीच्या चालीवर म्हणायचे आणि मी बटणं दाबायची.

यंत्र चाललं, पण अधूनमधून द्रवाला रंग यायच्या आतच थांबायला लागलं. मी प्रोग्रॅम तीनदा तपासला, चिडले, सगळं मोडीत काढायला निघाले. अण्णा स्टुलावर बसून नुसते ऐकत होते. "बाई, तुमचं यंत्र गिरणीला भ्यायलंय." मागची पिठाची गिरणी सुरू झाली की विजेचा दाब उतरायचा, बल्ब मंदावायचा आणि सेन्सरला वाटायचं, रंग आला. मला, पदवीवालीला, हे सुचलं नव्हतं! मग त्यांच्याच सांगण्यावरून दुसरा सेन्सर थेट बल्बकडे तोंड करून बसवला. बल्बच्या मानानं नमुन्यातला उजेड घटला तरच थांबायचं, एवढं प्रोग्रॅमला शिकवलं. गिरणी चालू असतानाही मोटार नेमकी गुलाबीवर थांबली, तेव्हा आम्ही दोघांनी पोरांसारख्या टाळ्या पिटल्या... यंत्र प्रयोगशाळेत गेलं, आणि अण्णांचं टेबल शेवटपर्यंत सुटलं नाही.

काम आटोपल्यावर ते रोज एक नमुना हातानंही करायचे. यंत्राची चाचणी घेतायत, असं मी समजत होते. परवा त्यांचा खण रिकामा करायला गेले, तर एक वही निघाली. दोन रकाने: 'यंत्र' आणि 'हात'. हाताचा आकडा आधी थेंबभर चुकलेला, मग दोन, मग पाच. बाजूला बारीक अक्षरात, "चहा सोडला, कमी कापतो." "थंडीत जास्त." "डाव्यानं धरून पाहिलं." तपासणी चालली होती ती हाताची, पुन्हा जमतंय का याची. शेवटच्या पानावर आकडा नाही. लिहिलंय, "आज तोटी फिरली न्हाई. उद्या बघू."

मी त्यांच्याच स्टुलावर बसून रडले. वही होती तशी आत ठेवली. खण रिकामा करणं मला जमलं नाही.