मावशीच्या पाचशे रुपयांतलं लोणार

करोनाच्या आधलं वर्ष. पौष महिना, संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार, संध्याकाळ. रक्कम पाचशे रुपये, एकच नोट. हजर माणसं तीन: खाटेवर मावशी, तिच्या पायाशी आई, आणि दारात मी.

मावशी आईची थोरली बहीण. आमच्याच खामगावात, दोन गल्ल्या सोडून राहायची. दिवाळीत न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आता चालणं होणार नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून तिनं एकच गोष्ट लावून धरली. लोणारच्या धारेचं पाणी एकदा तोंडात पडावं आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यानं एकदा केस धुवावेत. तिचं लहानपण लोणारचं. आई अगदी तान्ही असताना आजोबांना खामगावच्या जिनिंगमध्ये काम लागलं, म्हणून आईला तिथलं काही आठवत नाही. मावशीला सगळं आठवायचं.

"हे घे," ती नोट पुढं करत म्हणाली. "यातच जायचं, यातच यायचं. वर एक रुपया जरी लागला तरी पुण्य तुह्यं, माह्यं नाही."

"मावशी, पैसे हायेत माह्याजवळ."

"हायेत म्हणूनच सांगून राह्यली. दुसऱ्याच्या पैशाचं तीर्थ लागत नाही."

आई मध्ये बोलली, "मी जातो संगं. याले तीर्थ भरता येते का? हा सरकी मोजणारा माणूस."

हे खरं होतं. माझं अर्धं आयुष्य वजनकाट्याशेजारी बसून आकडे लिहिण्यात गेलं आहे. मी तिथंच हिशोब केला. मेहकरला गाडी बदलून लोणार, माझं पूर्ण तिकीट आणि आईचं अर्धं, जाऊन-येऊन तीनशे नव्वद. उरले एकशे दहा. भाकरी घरची. जमत होतं.

रविवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. पिशवीत बायकोनं दोन स्टीलच्या बाटल्या दिल्या, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेल्या, अगदी एकसारख्या. एक तोंडाच्या पाण्याला, एक केसांच्या. मेहकरला दोन चहा घेतले, वीस रुपये. लोणारला उतरलो तर आईचे गुडघे बसून-बसून आखडले होते, म्हणून धारेपर्यंत रिक्षा केली, चाळीस. खिशात परतीचं भाडं सोडून पन्नास राहिले.

रिक्षावाल्यानं मध्येच काठावर गाडी थांबवली. "बघून घ्या काकू, याचे पैसे नाही लागत."

आम्ही उतरून कठड्याशी गेलो, आणि माझ्या डोक्यातले आकडे बंद पडले. दुसरा शब्द मला सुचत नाही. जमीन चालता चालता संपली होती. खाली इतकं मोठं गोल भगदाड, की पलीकडच्या काठावरची झाडं गवतासारखी दिसत होती. तळाशी हिरवं पाणी, हलत नसलेलं. आकाशातून दगड पडून हे झालं, हे शाळेत वाचलं होतं. पण शाळेत ते चित्र वहीच्या पानाएवढं होतं. तिथं एका पाटीवर वय पन्नास हजार वर्षं लिहिलेलं होतं. रिक्षावाला म्हणाला, आता साडेपाच लाख सांगतात. एवढी तफावत माझ्या काट्यावर निघाली असती तर मालकानं मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथं मात्र दोन्ही आकडे सारखेच वाटले. दोन्हींपुढं मी तेवढाच होतो.

आईनं कठडा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "एवढ्या मोठ्या गावची होती बाई, आन् आपण तिले म्हणत होतो, काय सारखं लोणार लोणार करते."

धार म्हणजे काठाच्या पोटात, पायऱ्या उतरून, दगडी गोमुखातून पडणारं पाणी. बारा महिने पडतं, कुठून येतं कुणाला माहीत नाही. काशीची गंगा जमिनीखालून येते, असं तिथली माणसं सांगतात. आई एकेका पायरीवर बसत उतरली. बायकांच्या घोळक्यात गेली, आणि त्या गारठ्यात पाण्याखाली उभी राहिल्यावर तिच्या तोंडून एकदम निघालं, "अगं माय, कोमट हाय!" सत्तरीची बाई, पाण्यात हात मारत हसत होती. मी पाठ फिरवून पहिली बाटली भरली आणि खूण म्हणून तिच्या गळ्याला लाल नाडा बांधला.

आई केस वाळवत उन्हात बसली, मी दुसरी बाटली घेऊन खाली तळ्याकडे निघालो. वाट झाडीतून उतरते. मध्ये मध्ये पडकी देवळं, काहींच्या गाभाऱ्यात वानरं बसलेली. जसजसा खाली गेलो तसतसे वरचे आवाज एक एक करून गेले. आधी गाड्या, मग भोंगा, मग माणसं. तळाला पोचलो तेव्हा चहूबाजूंनी काठ उभा होता आणि वर आभाळाचं गोल झाकण. एखाद्या कढईच्या बुडाशी मुंगी असावी तसा मी. पाण्याला कुजका वास होता. बाटली भरताना बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली. मावशी सांगायची, साबण लागत नव्हता, केसांना आपोआप फेस यायचा. ती वाढवून सांगते असं मला चाळीस वर्षं वाटत आलं होतं.

परत येताना गावातलं जुनं दगडी देऊळ पाहिलं. तिथल्या रखवालदारानं दारात आरसा धरून ऊन आत सोडलं आणि काळोख्या छतावर एकाएकी माणसं, हत्ती, कथा उजळल्या. आईची मान दुखेपर्यंत ती वर बघत राहिली. त्यानंही काही मागितलं नाही.

गडबड झाली ती बसस्टँडवर. भाकरी खायला पिशवी उघडली, तर लाल नाडा पिशवीच्या तळाशी. बाटल्या दोन, एकसारख्या.

"कोणती धारेची?" आईनं विचारलं.

"थोडी चव घेऊन बघतो."

"खबरदार! उष्टं पाणी पाजशील का तिले?"

"मग वास घेतो."

"वास घेतला तरी उष्टंच. देवाच्या फुलाचा वास घेते का कोणी?"

मी दोन्हींतलं थोडं थोडं तळहातावर ओतलं. दोन्ही पाणीच. मघाशी तळ्यात बोटं बुडवल्यापासून हात आधीच निसरडे आणि कुजक्या वासाचे होते, त्यामुळं बोटांना-नाकाला काही कळेना. मेहकरची गाडी लागलेली होती. ती चुकली तर पुढची खामगावची सापडणार नव्हती. रिक्षानं धारेला परत जाऊन-येऊन ऐंशी रुपये, आणि हाताशी पन्नास. तीस माझ्या खिशातून घातले असते तर कुणाला कळलं नसतं. पण आईला कळलं असतं आणि मलाही. आणि चुकीची बाटली त्या म्हातारीच्या तोंडाला लावायची, हा विचार तर करवत नव्हता.

शेवटी मावशीच्या सुनेला फोन लावला. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"तुले आकडे लिहिता येतात, गाठ मारता येत नाही काऊन बे?"

"चुकलं मावशी. आता कसं करू?"

"हळद टाक त्याच्यात. तळ्याचं असंन तं कुंकू होईन. आम्ही पोरी हेच खेळत होतो."

स्टँडसमोर एक बाई संक्रांतीच्या वाणाचं सामान घेऊन बसली होती. सुगडं, बांगड्या, हळदी-कुंकवाच्या पुड्या. मी स्टँडच्या नळावर हात खळखळून धुतले आणि धावत जाऊन चिमूटभर हळद मागितली, पुडी दहाची होती. तिनं फोडून माझ्या दोन्ही तळहातांवर टाकली. मागून आलेल्या आईनं एका बाटलीतलं पाणी डाव्या हातावर ओतलं. पिवळं ते पिवळंच. दुसऱ्या बाटलीचं उजव्या हातावर ओतलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत हळद लाल झाली. सावकाश नाही, एकदम. शेजारचा कंडक्टरसुद्धा पान खायचा थांबला.

"जय माते," आई म्हणाली, आणि त्या बाजारात माझ्या हाताला तिनं हात जोडले.

मी दहाची नोट पुढं केली. बाई म्हणाली, "संक्रांतीत चिमूटभर हळदीचे पैसे घेतात व्हय? जा, गाडी सुटली तुमची." खरंच सुटत होती. आम्ही पळालो.

मावशीच्या घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईनं चमच्यानं धारेचं पाणी पाजलं. मावशीनं ते लगेच गिळलं नाही, तोंडात धरून ठेवलं. मग म्हणाली, "हाव. हेच."

दुसऱ्या दिवशी आई आणि सुनेनं मिळून खाटेवरच तिचे केस धुतले. फेस आला. शेवटी बाटलीत घोटभर उरलं तेव्हा तिनं हळदीचा डबा मागवला आणि तळहातावर हळद लाल करून मला जवळ बोलावलं. ते बोटानं माझ्या कपाळाला लावलं. "ही तुही मजुरी."

मी हिशोब सांगितला आणि उरलेले पन्नास तिच्या हातात ठेवले.

"हळदीचे किती?"

"तिनं घेतले नाहीत."

मावशीचा चेहरा उतरला. "मंग पुण्यात तिचाही वाटा झाला. देऊन ये."

तिनं पन्नासातले दहा परत माझ्या हातावर ठेवले. होळीच्या आधी मेहकरला एका लग्नाला गेलो होतो, तिथून पुढं लोणारची गाडी धरली. बाई स्टँडसमोरच होती, आता रंग आणि पिचकाऱ्या विकत. तिनं मला ओळखलं नाही. मी सगळी हकिगत सांगितली, तेव्हा तिनं विचारलं, "म्हातारी कशी हाय?"

"केस मऊ झाले म्हणते."

मग तिनं नोट घेतली, कपाळाला लावली आणि पैशाच्या डब्यात टाकली. दहा रुपये, खामगावच्या मावशीकडून, लोणारच्या हळदवालीला.