परवानगीवाले साडू

विचारल्याशिवाय काहीही न करणारा जगात एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. एसटीत खिडकी सरकवायची तर हे पुढच्या-मागच्या बाकांवर विचारून येतात. आमच्या घरी वीस वर्षांचं जाणं-येणं, तरी माठातलं पाणी घेण्याआधी माझ्या बायकोकडं बघतात. सोनारीला देवळात माकडानं त्यांच्या हातातला प्रसाद ओढून नेला, तेव्हा बाकीचे माकडामागं धावले, साडू जागीच उभे राहून म्हणाले, "मागितला असता तर दिला असता की."

परंड्यातल्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, तिथला सर्व्हर हेच सांभाळतात. फाईल उघडत नाही म्हणून कुणी गेलं की आधी कागद पुढं करतात. "उघडत न्हाय हे झालं लक्षण. पडद्यावर काय अक्षरं आली ती लिहा. आन् कोणत्या नावानं आत गेला होता?" यातून प्राचार्यांचीही सुटका नाही. "अहो, मी प्राचार्य आहे," असं ते एकदा वैतागून म्हणाले, तर साडू नम्रपणे म्हणाले, "मला ठाऊक हाय सर, सर्व्हरला न्हाय."

गेल्या वर्षी अंतर्गत गुण विद्यापीठाला पाठवायच्या शेवटच्या दिवशी गुणांची एकही फाईल उघडेना. ज्याला त्याला एकच उत्तर: परवानगी नाही. पाचपर्यंत गुण गेले नसते तर मुलांचे निकाल अडकले असते. प्राचार्य म्हणाले, "सगळ्यांना सगळं खुलं करून टाका."

"मग उद्या कुणी गुण बदलले तर कुणाला विचारायचं?" एवढं बोलून साडू वरून खाली एकेक फोल्डर तपासत गेले. मला म्हणाले, "पाव्हणं, खोलीची किल्ली असून काय उपयोग, फाटकातच अडवलं तर?" वरचंच एक फोल्डर अडवत होतं. त्याच्या मालकाच्या जागी नाव नव्हतं, नुसता आकडा होता. खातं पुसलं की नाव जातं, आकडा तेवढा उरतो. आकडा परीक्षा विभागाच्या मॅडमचा होता. त्या महिन्यापूर्वी अचानक वारल्या. सर्व्हरवर आत जायची परवानगी त्यांच्या नावाच्या गटाला होती आणि आम्ही सगळे त्याच गटात होतो, आणि नियमाप्रमाणं त्यांचं खातं साडूंनीच आदल्या दिवशी काढून टाकलं होतं. खात्याबरोबर गटही गेला.

त्यांनी परीक्षा विभागाचा नवा गट केला, मोजकी नावं घातली, आणि साडेचारला गुण गेले. मागं मॅडमचं 'घरचं' नावाचं एक फोल्डर उरलं. प्राचार्य म्हणाले, "काय आहे ते बघून पुसून टाका."

साडूंना सर्व्हरवरचं काहीही उघडता येतं. पण ते म्हणाले, "उघडता येतं, पण विचारायचं कुणाला?" रविवारी ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन, मला सोबत घेऊन, बस बदलत येरमाळ्याला गेले. मॅडमच्या यजमानांनी पेनड्राइव्ह हातात उलटसुलट करून पाहिला.

"काय हाय ह्यात?"

"मी बघितलं न्हाय. तुमचं हाय."

"पोरगी आली की बघू," ते म्हणाले, आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून त्यावर हात धरून बसले.

परतीच्या बसमध्ये बार्शी मागं पडल्यावर साडू बाहेर बघतच म्हणाले, "मॅडमचं खातं अजून थोडे दिवस ठेवलं असतं तर कुणाचं काही अडलं नसतं, पाव्हणं."