अकरावा अडथळा

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळ. जमा रक्कम चार हजार तीनशे रुपये. हजर, आमच्या कॉलनीतले आम्ही सहा जण आणि चाचा. सहा जणांनी प्रत्येकी सातशे दिले, वरचे शंभर चाचांचे. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण त्यांनी नोट माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली आणि म्हणाले, "तुमच्या सायकली चालल्या तर माझं दुकान चालणार. हे दान नाही भाऊ, धंदा आहे."

दुकान म्हणजे कडुनिंबाखाली चार बांबू, वर निळी ताडपत्री, हवेचा कॉम्प्रेसर, हत्यारांची पेटी आणि पंक्चर तपासायचं पाण्याचं घमेलं. गंगापूर रोडवरून आमच्या कॉलनीत वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीच ते बसायचे. माझा मुलगा आता नोकरीला लागला आहे. त्याच्या तीनचाकीचं चाकही चाचांनीच बसवलं होतं. नात्याने ते कुणाचेच चाचा नव्हते, पण त्या रस्त्यावर त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी मला आठवत नाही.

वर्गणी कशासाठी होती ते सांगतो. त्याच वळणावर पावसाळ्यात आमच्या कॉलनीतल्या एका नववीतल्या मुलीला मोटारीने उडवलं. ती क्लासवरून सायकलने घरी येत होती. मांडीचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी घालावी लागली. मुलगी दोन महिन्यांनी चालायला लागली, पण सायकल म्हटलं की खोलीतून उठून जाते, असं तिचे वडील सांगत. तिची वाकडी झालेली सायकल चाचांनी सरळ केली, रिम बदलली आणि दुकानामागे झाडाला टेकवून ठेवली. न्यायला कुणी आलं नाही. चाचांनीही कधी निरोप पाठवला नाही.

मुलीच्या वडिलांनीच आम्हाला एकत्र केलं. ते धरून आम्ही सहा जण रविवारी सकाळी सोमेश्वरकडे सायकली घेऊन जायचो, एवढीच आमची ओळख. माझी बायको म्हणायची, "दहा किलोमीटर चालवता आणि वीस किलोमीटरची मिसळ खाता." त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या अपघातानंतर मिसळ बंद झाली आणि रविवारची सकाळ चाचांच्या ताडपत्रीखाली जाऊ लागली. सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरभर रस्ते उकरलेले होते. आमचाही नव्याने होणार होता. तेव्हाच महापालिकेकडे मागायचं ठरलं, की रस्त्याच्या डाव्या कडेला सायकलींसाठी पाच फुटांची पट्टी आखून द्या. त्यांनी दिली नाही तर आपण रंग आणून आखू, म्हणून वर्गणी.

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. अर्जाचा मजकूर त्यांचा, मोजमाप माझं. मी आयुष्यभर कारखान्यात स्टोअर सांभाळलं, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरचीच टेप घेऊन मी रस्त्याची डावी कड मोजायला निघालो. टेपचं दुसरं टोक चाचांनी धरलं. गिऱ्हाईक आलं की ते टोक दगडाखाली ठेवून जायचे आणि हवा भरून परत यायचे.

पट्टीच्या आड काय काय येतं ते मी लिहीत गेलो. विजेचा डबा, तीन फूट. एका बंगल्याची गाडी चढवायची उतरण, चार फूट. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक. बांधकामाच्या वाळूचा ढीग. मग आमच्याच सोसायटीच्या चेअरमनची कडेला लावलेली मोटार आली. ते फाटकात उभे होते.

"हीपण लिहिता का?" त्यांनी विचारलं.

"उभी असली तर लिहिणार," मी म्हणालो.

"मग काढतो की. दहा मिनिटं थांबा."

"साहेब, तुम्ही काढणार, मोजून झालं की परत लावणार," चाचा म्हणाले. "त्यापेक्षा राहू द्या. पेट्रोल वाचेल."

चेअरमनही हसले. मी मोटार लिहिली.

शेवटी आम्ही वळणाशी आलो. चाचांनी टेपचं टोक स्वतःच्याच बांबूला लावलं आणि वाचलं, "दोन फूट."

मी वही मिटली होती. ते म्हणाले, "लिहा."

"तुमचं कशाला?"

"लोक म्हणतील, आपल्या माणसाचं सोडलं. दोन फूट आहे ना? दोन फूट लिहा. मी ताडपत्री मागे बांधून घेईन, किती वेळ लागतो."

मी लिहिलं. त्यांचा नंबर अकरावा लागला.

मी वर शीर्षक घातलं होतं, 'अतिक्रमणे'. बाईंनी ते लाल पेनाने खोडलं. "हा शब्द नको. माणूस चोर असल्यासारखा वाटतो. आपल्याला कुणाशी भांडायचं नाही. 'अडथळे' लिहा." आम्हा सगळ्यांना ते पटलं. अर्जाच्या प्रती मुलीच्या वडिलांनी ऑफिसात काढल्या, त्यामुळे वर्गणी तशीच राहिली.

विभागीय कार्यालयात आमचा अर्ज एका तरुण अभियंत्याने घेतला. माणूस वाईट नव्हता. त्याने अर्ज पूर्ण वाचला, असं वाचणारे कमी असतात. म्हणाला, "काम चांगलं केलंय तुम्ही. रंग आम्ही मारू, तुम्ही रस्त्याला हात लावू नका." मग यादीवर बोट ठेवलं. "पण आमच्याकडे 'अडथळा' असं काही नसतं. अतिक्रमण असतं. तसं करून पुढे पाठवतो."

बाई म्हणाल्या, "अहो, पण आम्ही मुद्दाम..."

"शब्दाचाच फरक आहे, मॅडम."

आम्ही मान डोलावली आणि कँटीनमध्ये चहा घेऊन घरी आलो. रंग तेच मारणार याच आनंदात होतो.

त्यानंतर थंडी गेली. रस्ता उकरला, पुन्हा भरला. चाचांनी ताडपत्री दोन फूट मागे घेतली होती. ऊन त्यांच्या पायांवर यायचं, म्हणून ते दुपारी बसायची जागा बदलत. एका मंगळवारी मी बँकेतून येत होतो. कडुनिंबाखाली ताडपत्री दिसली नाही. चाचा झाडाच्या बुंध्याशी दगडावर बसले होते, पुढ्यात पाण्याचं घमेलं. बाकी सगळं महापालिकेची गाडी घेऊन गेली होती. कॉम्प्रेसर, पेटी, बाकडं, दुरुस्तीला आलेल्या चार सायकली आणि झाडाला टेकवलेली पाचवी, त्या मुलीची.

"घमेलं कसं राहिलं?" मी विचारलं.

"पाणी होतं त्यात. ओतायला कुणी तयार नाही."

मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "आपलाच कागद होता, भाऊ. त्या माणसाच्या हातात. मी म्हटलं, ताडपत्री मागे घेतली आहे, मोजून बघा. तो म्हणाला, कागदावर दोन फूट आहे."

मी उठून रस्ता पाहिला. विजेचा डबा होता. उतरण होती. वाळूचा ढीग निम्मा झाला होता, तो बांधकामात गेला म्हणून. वाढदिवसाच्या फलकावर नवा वाढदिवस होता. मोटार होती. अकरापैकी एकच जागा मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी, बाई आणि मुलीचे वडील कार्यालयात गेलो. अभियंता ओशाळला. त्याने आम्हाला बसायला सांगितलं आणि उघड बोलला. डबा वीज कंपनीचा, त्यांना पत्र जाईल. उतरणवाल्यांना नोटीस गेली, ते उत्तर देतील. मोटार उभी करणं हे पोलिसांकडे. "टपरीला नोटीस लागत नाही," तो म्हणाला. "जे उचलता येतं ते उचललं जातं."

"मग ते आमच्या यादीतून वगळा," बाई म्हणाल्या.

"एक वगळला तर बाकीचे दहा जण उद्या दारात येतील. तुम्ही सगळा अर्जच मागे घ्या, मग मला तसं लिहिता येईल. पण मग पट्टीचं कामही थांबेल."

सामान सोडवायची अटही त्याने सांगितली. दंड आणि वाहतूक मिळून साडेतीन हजार, शिवाय पुन्हा त्या जागी बसणार नाही असं चाचांच्या सहीचं हमीपत्र.

संध्याकाळी बाईंच्या घरी बसलो, चाचांना बोलावलं. ते खुर्चीवर टेकून बसले नाहीत, काठावर बसले. मी म्हणालो, अर्ज मागे घेऊ. आणखी दोघे तेच म्हणाले. एक जण म्हणाला, "एवढं करून पट्टी घालवायची? उद्या दुसरं पोर पडलं तर?" सगळ्यांनी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं.

"मला विचारू नका," ते म्हणाले. "मी कुठल्याही बाजूने बोललो तरी माणुसकीचं नाही."

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पट्टी होऊ द्या," ते म्हणाले. "मी वडाळ्याला लेकीच्या ओट्यावर बसेन. तिथेही सायकली आहेत, जास्तच आहेत. कामाला जाणारी माणसं सगळी सायकलवर." मग मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पोरगी सायकलवर बसली की मला सांगा. फोन करा. बाकी काही नाही."

"चाचा, जागा तुमची जातेय," मी म्हणालो.

"जागा माझी कधी होती, भाऊ? झाडाची होती."

त्यांनी हमीपत्रावर सही केली. सही उर्दूत केली तर चालत नाही असं कार्यालयाच्या खिडकीवर सांगितलं, म्हणून पुन्हा मराठीत केली. दोन्ही सह्या कागदावर तशाच राहिल्या.

पट्टी झाली. एका दिवसात झाली, पांढरीशुभ्र, मध्ये सायकलचं चित्र. विजेच्या डब्यापाशी ती थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. पहिल्या रविवारी आम्ही सहा जण तिच्यावरून गेलो. एकामागून एक. पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली एक मोटार उभी होती, सावली बघून लावलेली. मी टेप काढून मोजली, साडेपाच फूट. वळणावरून येणारी सायकल तिला चुकवायला रस्त्याच्या मध्ये जाते, ती मुलगी पडली बरोबर त्याच ठिकाणी. मी अर्ज केला आहे. कुठल्या शब्दात करावा याचा विचार करत दोन दिवस कागद कोरा ठेवला होता. शेवटी फक्त 'मोटार' लिहिलं.

सामान सुटायला आणखी तीन आठवडे गेले. ते उघड्यावर पडून होतं. कॉम्प्रेसरचा पट्टा वाळून चिरला होता, पेटीचं कुलूप तुटलेलं, आतली मोठी पकड गायब. मी आणि मुलीचे वडील टेम्पो करून सगळं वडाळ्याला घेऊन गेलो. ओटा अरुंद आहे, अर्धा ओटा पाण्याच्या टाकीने घेतलेला. चाचांनी कॉम्प्रेसर कुठे बसेल ते पायाने मोजलं, मग म्हणाले, "इथे बसवला तर लेकीला दार उघडता येणार नाही." तो गल्लीत कडेला ठेवला.

मुलीच्या सायकलची मागची ट्यूब उन्हाने गेली होती. चाचांनी सायकल उलटी केली, नवी ट्यूब घातली, तेल दिलं, चाक फिरवून कानाशी धरल्यासारखं ऐकलं. मुलीचे वडील उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "ती अजून बसत नाही, चाचा."

"माहीत आहे. फोन आला नाही ना." चाचांनी घंटी एकदा वाजवून पाहिली. "घेऊन जा. हवा जाईल, आठवड्याला भरत जा. उभी राहिली तर टायर बसतो."

ती सायकल आता त्यांच्या पार्किंगमध्ये भिंतीला लावलेली आहे. सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधली आहे. हवा भरायला मुलीचे वडील पेट्रोल पंपावर जातात, सायकल हातात धरून, चालत.

त्या दिवशी निघताना मी पैसे काढले. "किती झाले?"

चाचांनी हात पुसले. "वर्गणीतून देताय ना? किती उरले?"

मी सांगितलं, "दोनशे."

"मग दोनशेच झाले."

ट्यूबची किंमत मला माहीत होती, मजुरीही माहीत होती. त्यात त्यांचे स्वतःचे शंभर कुठे गेले तेही मला कळत होतं. दोनशे देऊन मी वरचे पैसे पुढे केले तसा त्यांनी माझा हात मिटला. "हिशेब बंद करा, भाऊ. उघडा ठेवला की तुम्हाला झोप लागत नाही."

दंड आणि वाहतूक, कार्यालयाच्या खिडकीवर, तीन हजार पाचशे. टेम्पोवाल्याला सहाशे. मागच्या चाकाची ट्यूब आणि मजुरी, चाचांना, दोनशे.