ओठांवरचं गाणं

गाण्यावर इतकं प्रेम करणारा आणि गाणं ऐकायला येणाऱ्यांचा इतका छळ करणारा दुसरा माणूस परळच्या कुठल्याही चाळीत झाला नसेल. आमच्या मजल्यावरच्या फोनोकाकांबद्दल मी हे विधान जरा भीतभीतच करतो आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या लिहिण्यावर घरच्यांचा गरजेपेक्षा जास्त विश्वास आहे.

काका गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, एकटे राहत. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि चावीचा फोनो. शनिवारी संध्याकाळी दार उघडं असे, पण आत शिरणाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागे. "आधी आठवण सांग, मगे गाणा. फुकटचा गाणा हॉटेलात मिळता!" ज्याला जी रेकॉर्ड हवी, त्याने तिच्याशी जोडलेली आपली आठवण सांगायची. तीही काकांच्या समोर, दिव्याखाली बसून. तोंडात पान चालत नसे. गिरणीतल्या एका जॉबरला, म्हणजे मुकादमाला, तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, "मिशी कापून ये. शब्द अडाकतत त्या झाडीत!" मी एकदा आठवण नव्हती म्हणून कादंबरीतली एक ढापून सांगितली. काका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "कालेजवाल्या, ह्या तुझा न्हय." रेकॉर्ड काही लागली नाही. लागली की मात्र ते फोनोच्या पेटीवर तळहात ठेवून डोळे मिटत. एकदा सुई अडकली आणि एकच ओळ पाच-सहा वेळा वाजली, तरी काका "वा!" म्हणत डोलत होते. मला वाटलं, खरी रसिकता ती हीच असावी.

तळमजल्यावरच्या मावशी दर शनिवारी एकच रेकॉर्ड मागत. हळदीचं गाणं होतं ते. त्यांच्या लग्नात पाट कमी पडला म्हणून त्यांना पत्र्याच्या ट्रंकेवर बसवून हळद लावली होती, ही आठवण आम्हा सगळ्यांना पाठ झाली होती. आता थोरल्याचं लग्न ठरलं होतं. "माझ्या पोराला पाटावरच बसवीन हो," असं त्या म्हणत.

तो थोरला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला आणि गोळीबारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला चाळीत आणलं. मावशींचा आक्रोश सगळ्या जिन्यांतून वर चढत होता. तेवढ्यात आमच्या मजल्यावरून, नेहमीच्याच मोठ्या आवाजात, ते हळदीचं गाणं सुरू झालं.

माणसं धावत वर गेली. मीही गेलो. रातपाळी करून झोपलेले काका नुकतेच उठले होते, शनिवारची रेकॉर्ड फोनोवर तशीच होती, चहाचा कप हातात होता. कोणीतरी सुई उचलून फेकली. "माणूस आहेस की दगड?" म्हणून चारी बाजूंनी सगळे एकदम ओरडत होते आणि काका या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. एकही तोंड त्यांना नीट पकडता येत नव्हतं. मला तेव्हा कळलं.

सगळे गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसून, सावकाश, काय झालं ते सांगितलं. कप त्यांच्या हातातच राहिला. मग म्हणाले, "माका ऐकाक येणा नाय रे. चार वर्सां झाली. साच्यांनी कान खाल्ले." साच्यांच्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलतात, तसंच ते आमच्या आठवणी बघत होते. खाली जाऊन सांगतो म्हणालो, तर त्यांनी मनगट धरलं. "नको. बहिऱ्याकडे गाणा ऐकूक कोण येतलो?"

मी शब्द दिला, आणि पाळला. तेव्हा तो मोडायला हवा होता, असं आता वाटतं. कारण त्यानंतर कोणीच आलं नाही. मावशी जिन्यात काका दिसले की तोंड फिरवत, आणि फिरवलेलं तोंड काकांना वाचता येत नसे. शनिवारी मी एकटाच जाई. रेकॉर्ड लावून त्यांच्यासमोर बसे आणि गाण्याबरोबर नुसते ओठ हलवी. माझा गळा बेसूर आहे, पण त्याने काही बिघडत नव्हतं. एक हात पेटीवर, नजर माझ्या तोंडावर. मी एखादा शब्द चुकलो तर चिडत, "नीट म्हण रे!"

वर्षभरातच ते फोनो माझ्याकडे ठेवून गावी गेले आणि पावसाळ्यानंतर ते वारल्याचं पत्र आलं. मग मी मावशींना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मेल्याने सांगायचं तरी. मी समोर जाऊन बसले असते."

त्या शनिवारी मावशी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काही मागितलं नाही. मी ती रेकॉर्ड लावली. त्या आवाज न करता, शब्दन् शब्द ओठांनी म्हणत होत्या. दिवा त्यांच्या तोंडावर होता. काका नेहमी बसत तशी, मावशींच्या समोरची जागा मी मोकळीच ठेवली होती.